दिवसा लाईट गेली तेव्हा

वैशाखातली दुपार, साडेबाराचा सुमार,
कसबा बावड्याच्या आमच्या गल्लीत चिटपाखरू नाही,
आणि माझ्या गच्चीवर आठ निळ्या प्लेटा
ऊन अंगावर घेत निवांत पडलेल्या,
पंचगंगेत डुंबणाऱ्या म्हशींसारख्या.

पंखा थांबला.

हौसाक्का पिठाचे हात तसेच धरून बाहेर आली.
"गेली?"
"गेली."
"आवो, पण आपलं सूर्यावर हाय न्हवं?"

गल्लीला निमित्तच पाहिजे होतं.
सरनोबतांच्या कट्ट्यावरनं हाक आली,
"काय चौगुले, सूर्यबी बोर्डात लागला व्हय?
जेवणाच्या सुट्टीवर गेला काय?"
हे तेच सरनोबत, ज्यांच्या टाकीची सावली
रोज सव्वातीनला माझ्या कडेच्या प्लेटवर येऊन बसते.
देवीच्या किरणांच्या वाटेतली भिंत न् भिंत मोजणारं हे गाव,
माझ्या वाटेतल्या टाकीचं मात्र कोणी नाव काढत नाही.

गच्ची तशी हौसाक्काचीच.
सांडगे, शेवया, चटणीची मिरची.
प्लेटा चढल्या तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी बसवायला आलेल्या शाहिद बागवानला म्हणाली,
"बाळा, ऊन समदं तुम्हीच घेतलासा,
माझ्या संकेश्वरीला काय ठेवलासा?"
पोरगं शहाणं. त्यानं शेवटची रांग दोन हात सरकवली.
तेवढ्या पट्ट्यात आता तिची मिरची वाळते,
आणि बिल वाळत वाळत एकशे तीसवर आलंय.
मीटर दिलेलं वेगळं, घेतलेलं वेगळं लिहून ठेवतो,
वाण्याच्या वहीसारखा, पण न खोडता.

मी तिला आधी सांगितलं होतं,
बोर्डाची तार मेली की हेही आपोआप झोपतं.
तशी सोयच केलेली असते आत.
"असली खुळी सोय कुणी केली?"
मी गप्प बसलो.

तेहतीस वर्षं पोलावर काढली मी.
सदू केर्लेकर सातच वर्षं.
लाईन बंद होती. फ्यूज त्यानं स्वतः काढला,
खिशात टाकला, वर चढला,
निजलेल्या तारेला हात घातला,
आणि तेवढ्यात पलीकडच्या हॉलात
कुणाच्यातरी अक्षता खोळंबल्या म्हणून
कुणीतरी जनरेटर सुरू केला.
वीज उलटी आली.
कधीच येत नाही त्या बाजूनं.
खाली उतरवला तेव्हा फ्यूज त्याच्या खिशातच होता.
चिनी मातीचा पांढरा तुकडा. गार.

कोपऱ्यावर चिंचेची फांदी तारांवर पडली होती.
शिडी लागली. नवं पोरगं, पिवळं टोपडं,
चढताना बूट एकदा घसरला, सावरला.
मी चप्पल न घालताच गच्चीवर गेलो,
फरशी तव्यासारखी तापलेली.
डोक्यावर सगळाच्या सगळा सूर्य,
आणि आठही प्लेटा तारेत एक थेंब न सोडता उभ्या.
खाली सरनोबत अजून कुणाला तरी तोच विनोद सांगत होते.
पोरानं हात पुढं केला.
मी श्वास धरला. जुनी सवय.
हात तारेवर टेकला.

काही झालं नाही.

त्यानं फांदी ओढली, ती धुरळा उडवत खाली आली,
त्यानं खालच्याला एक शिवी दिली, खालचा हसला.
काही म्हणजे काही झालं नाही.

पावणेदोनला पंखा फिरला.
"आला बाई सूर्य जेवून," हौसाक्का म्हणाली,
आणि भाकरी उलटली.

पोरगं पाणी मागायला दारात आलं.
तिनं ताक दिलं, मीठ जास्तच पडलेलं.
पिता पिता त्यानं मान वर करून गच्चीकडं बघितलं.
"काका, सोलर हाय व्हय? बरं हाय.
तुमची लाईट कधी जात नसंल."

"जाते," मी म्हणालो,
"तू वर चढलास की जाते."